वजा करण्यापुरता आकडा

"आई, तुझं वजन किती गं?"

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला आणि शिलाई मशीनचं चाक मध्येच थांबलं. विचारणारी होती घरातली मुलगी. तिच्या मैत्रिणींनी पैज घातली होती, "हिंमत असेल तर आईला वजन विचारून दाखव!" शाळेच्या वादविवादात बक्षीस मिळाल्यापासून आमच्या कन्येची जीभ अशी काही सुटली आहे, की पैजेला नाही म्हणणं तिला जमतच नाही.

मी तेव्हा टेबलाखाली होतो. उत्तर मला माहीत होतं. तिच्याशिवाय अख्ख्या घरात फक्त मलाच. आणि मी गप्प बसलो. काय करणार? मला चेहरा आहे, पण तोंड नाही.

मी एक जुना वजनकाटा आहे. काचेखाली आकड्यांची तबकडी, तिच्यावर लाल काटा, पाय ठेवायला रबराची काळी पट्टी. एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं, पोटात स्प्रिंगा बसवल्या आणि अंगावर लोखंडी वजनं ठेवून ठेवून माझी परीक्षा घेतली. मी पास झालो. "हा खोटं बोलणार नाही," असं तिथला कामगार म्हणाला आणि त्याने माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या शिक्क्याचा मला फार अभिमान होता. खोटं न बोलणं आणि खरं सांगणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला खूप उशिरा कळलं.

मला या घरात आणलं ते या मुलीसाठीच. ती तेव्हा दुपट्यात गुंडाळलेली होती आणि तिचं वजन काही केल्या वाढत नव्हतं. तान्हं बाळ माझ्यावर उभं कसं राहणार? म्हणून आई आधी एकटी चढायची, मग बाळाला घेऊन चढायची. बाबा जमिनीवर पालथे पडून आकडा वाचायचे आणि दोन्हींची वजाबाकी करून ओरडायचे, "वाढलं! अगं, वाढलं!" आई हसायची, तेव्हा तिचे तळवे माझ्यावर हलायचे आणि माझा काटा नुसता नाचत सुटायचा. माझे सगळ्यात चांगले दिवस तेच.

पुढे मुलगी धावू लागली आणि माझी गरज संपली. मला शिवणटेबलाखाली सारलं. वर कातरणाची पिशवी येऊन बसली. आई घरीच लोकांचे कपडे शिवते, आणि तिच्या कामाचा एक नियम आहे: कातरण टाकायचं नाही. बोटभर तुकडा असला तरी तो पिशवीत जातो. त्यातून कधी उशीचा अभ्रा होतो, कधी गरम भांडं धरायचं फडकं. पिशवी फुगत गेली आणि माझा काटा काही किलोंवर अडकून राहिला. वर्षानुवर्षं मी चिंध्यांचं वजन सांगत होतो आणि ते कुणी बघत नव्हतं.

मग एका संध्याकाळी बाबांनी पिशवी बाजूला केली.

बाबा बस चालवतात. सीटवर बसून बसून त्यांचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं होतं. डेपोच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, "पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरवा, नाहीतर गाडीवरून उतरा." बाबांना दुसरं काही येत नाही, आणि दुसरं काही आवडतही नाही. घरी आल्यावरसुद्धा ते दार लावताना आरशात बघितल्यासारखं मागे बघतात.

ते माझ्यावर चढले आणि माझ्या पोटातल्या जुन्या स्प्रिंगा कुरकुरल्या. आईने वाचलेला आकडा ऐकून बाबा म्हणाले, "काटा बिघडलाय."

"काटा बरा आहे," आई म्हणाली. "उतरा खाली. उद्यापासून मी बघते."

आणि तिने खरंच बघितलं! स्वयंपाकघरात एक छोटा काटा आला. त्याला मी माझा धाकटा भाऊ मानतो. त्याच्यावर बाबांचा भात, बाबांचे बटाटे, बाबांचा पाव, सगळं मोजूनमापून ताटात पडू लागलं. कशात किती कॅलरी, हे आईला असं पाठ झालं की गिऱ्हाइकाचं माप घेतानाही ती पुटपुटायची. बाबा कुरकुरायचे, "अगं, हा भात आहे की औषध?" ती म्हणायची, "मापाबाहेर कापड कापत नाही मी." जेवण झालं की दोघं चालायला बाहेर पडायची. पण काही दिवसांनी कामं साचली, भांडी पडून राहू लागली. मग आई म्हणू लागली, "तुम्ही व्हा पुढे. मी आवरते."

दर रविवारी सकाळी माझा सोहळा असायचा. बाबा मुलीला लहानपणापासून 'कंडक्टर' म्हणतात, कारण तिला कुणीही रस्त्यात उभं असलेलं चालत नाही. ती तोंडाने शिट्टी वाजवायची आणि ओरडायची, "चला, चला, पुढे सरका! फक्त एकच प्रवासी!" बाबा खिशातल्या किल्ल्या काढायचे, घड्याळ काढायचे, एकदा तर चष्माही काढला.

"अहो, चष्मा काढलात तर आकडा दिसणार कसा?"

"मला नाही बघायचा. कंडक्टर बघेल."

कंडक्टर बघायची. आकडा खाली यायचा. टाळ्या वाजायच्या. आई लगेच बाबांची पँट मशीनवर घ्यायची आणि कमरेत दाबून शिवायची. त्या पँटीची तिला कोण मिजास! गिऱ्हाइकांना दाखवायची, "हे बघा, इतकी आत घेतली." आणि सगळे जण माझंही कौतुक करायचे. मुलगी तर माझी काच फ्रॉकच्या टोकाने पुसायची. मला काय वाटायचं, सांगू? मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच चाललं आहे. शप्पथ!

पण मित्रांनो, मी माणसांना तळव्यांवरून ओळखतो. घरात कुणी नसताना आणखी दोन तळवे माझ्यावर चढायचे. टाचांना भेगा, उजव्या पावलावर मशीनच्या पायडलचा घट्टा. आई चढायची, खाली बघायची आणि विस्तवावर पाय पडल्यासारखी उतरायची. मग स्वतःच्या कपड्याची कमरेची शिवण उसवायची. बाबांची पँट सगळ्यांसमोर आत जायची आणि आईची शिवण एकटीच बाहेर यायची.

कारण काय होतं, ते मला टेबलाखालून दिसायचं. आईचा हात अजून जुन्याच अंदाजाने स्वयंपाक करत होता. दोन ताटं जेवणारे बाबा त्या हातात मुरले होते. आधी पातेलंभर शिजवायचं आणि मग त्यातून बाबांचं माप कापायचं, अशी तिची रीत. आणि जे उरायचं, ते कातरण! ते टाकायचं कसं? बाबा चालायला गेले की ती ओट्यापाशी उभी राहून ते संपवायची. मुलीच्या ताटातल्या पावाच्या कडाही त्यातच. तिकडे बाबा झपाझप चालून जेवढं जाळायचे, तेवढं इकडे आई उभ्याउभ्या गोळा करायची. बाबांचे आठ किलो उतरले. आईचे सात चढले. मधला एक तेवढा घराबाहेर गेला असावा.

हे सगळं माझ्या काचेखाली लिहिलेलं होतं आणि रविवारी मी त्यातलं अर्धंच सांगत होतो. टाळ्या वाजल्या की मला टेबलाखाली परत जावंसं वाटू लागलं. जिना चढून वर आल्यावर आई दाराला टेकून उभी राहायची, तेव्हा तर फारच.

तर त्या पैजेच्या दिवशी आईने उत्तर दिलंच नाही. मशीनचं चाक पुन्हा फिरवत म्हणाली, "माझ्या वजनाचं काय करायचंय कुणाला? मुलींनो, सरबत घेणार का?" मैत्रिणी खिदळल्या. मुलगीही हसली. पण तिचं हसू अर्ध्यावर राहिलं, कारण पैज जिंकूनही तिला उत्तर मिळालं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाबा चालायला निघाले आणि लगेच परतले. बुटाची नाडी तुटली होती. मला टेबलाखालून दिसलं, दोन बूट स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले. आत पातेल्यात चमचा खरवडल्याचा आवाज येत होता. तोही थांबला.

"तू मघाशी जेवलीस ना?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग हे?"

"उरलं होतं. टाकायचं का?"

"रोज उरतं?"

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. बाबांनी एक बूट काढला, मग दुसरा काढला आणि दोन्ही माझ्या शेजारी आणून ठेवले.

"संपलं चालणं."

"अहो, असं काय करता? तपासणी तोंडावर आलीय!"

"येऊ दे. माझं ओझं तुझ्या अंगावर ढकलून मला बारीक व्हायचं नाही."

"ढकललंय कुठे? मीच घेतलं. तुम्ही आपले..." आणि तिने हातातला चमचा खाली ठेवला. "तुम्ही इतके खूश होता. मला वाटलं, माझं काय, मी काय, मला कोण डॉक्टर बघतोय?"

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. कुणी कुणाला बोल लावला असता तर बरं झालं असतं. तसं नाही, जो तो स्वतःलाच बोल लावत होता. आईने खाऊ नये म्हणून उरलेलं बाबा खाऊ लागले. बाबांनी खाऊ नये म्हणून आई पातेलं लपवू लागली. रविवारी बाबा किल्ल्या खिशात ठेवूनच माझ्यावर चढले. काटा उजवीकडे सरकला. तपासणीच्या आकड्यापासून बाबा पुन्हा लांब गेले. शिट्टी वाजली नाही, टाळ्या वाजल्या नाहीत.

बाबा उतरले तरी मुलगी माझ्याजवळ बसून राहिली. माझ्या तबकडीकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "मी कसली कंडक्टर? गाडीतल्या एका प्रवाशाकडे मी बघितलंच नाही." तिला बहुतेक पावाच्या कडा आठवल्या असाव्यात, कारण ती एकदम लाल झाली.

"आई, इकडे ये," तिने हाक मारली. "चढ."

"उगीच काहीतरी. मला कामं आहेत."

"चढ गं. मी पैजेसाठी नाही विचारत आता. मला खरंच माहीत करून घ्यायचंय."

आई हात पुसत आली. चढली. बाबांनी बघितलं, मुलीने बघितलं. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझा आकडा पाठीमागे लपवावासा वाटला. आईच मग हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "तुला कडेवर घेऊन चढायचे मी ह्याच्यावर. आधी एकटी, मग तुझ्यासकट."

"तेव्हा तुझा आकडा किती असायचा?"

"कोण लक्षात ठेवतं? तुझा ठेवायचे. माझा काय, वजा करण्यापुरता."

बाबांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले. तेव्हा वजाबाकी त्यांनीच केली होती.

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझी एक स्प्रिंग ढिली पडली आहे आणि रबराची पट्टी कडेने सुटली आहे. मला पुसा, मला सांभाळा, असं मी म्हणणार नाही. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात कुणी कुणाला सावरत असेल, तर सावरणाऱ्याकडेही एकदा वाकून बघा. त्याच्या तळव्यांना भेगा आहेत का, ते बघा. आम्ही काटे विचारल्याशिवाय सांगत नाही. पुष्कळदा माणसंही सांगत नाहीत.

मुलगी उठून उभी राहिली. फ्रॉक झटकला. वादविवादात व्यासपीठावर जाताना जशी मान ताठ करते, तशी केली.

"आई, बाबा, दोघांनी ऐका. मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय."

"आता काय आणखी?" बाबा म्हणाले.

"आजपासून संध्याकाळचा स्वयंपाक मी करणार. आई, तुझ्या हाताला जुनी सवय आहे. माझ्या हाताला कसलीच सवय नाही, म्हणून मी आधी मोजणार आणि मग शिजवणार. तिघांचं, नेमकं. ते मोठं पातेलं वर माळ्यावर जाणार."

"तुला भात तरी लावता येतो का गं?"

"करपला तर तिघं मिळून करपलेला खाऊ. माझ्या ताटातल्या कडा मी खाणार. जेवणानंतर भांडी माझी, आणि तुम्ही दोघं चालायला जाणार. दोघं! बाबांची तपासणी होईपर्यंत आणि झाल्यावरही. आणि रविवारी आधी आई चढणार, मग बाबा."

आई काहीतरी बोलायला गेली. साचलेली कामं असतील, नाहीतर अंगावरची उसवलेली शिवण.

मुलीने माझ्या शेजारचे बाबांचे बूट उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवले. मग आत जाऊन आईच्या चपला आणल्या आणि बुटांच्या बरोबर शेजारी मांडल्या. तोंडात दोन बोटं घालून तिने अशी शिट्टी मारली की माझा काटा जागच्या जागी थरथरला.

"चला, चला, पुढे सरका," ती म्हणाली. "दोन प्रवासी. दोघं चढल्याशिवाय गाडी सुटणार नाही."