झोपलेला ठिपका

अनिरुद्ध आगाशेला आयुष्यात एकाच माणसाला हरवायचं होतं, आणि तो माणूस मार्केट यार्डात कांदे विकत होता.

हे तो कुणाला सांगत नसे. शनिवार पेठेत वाढलेला, कारखान्यात इतरांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारा एक्कावन्न वर्षांचा माणूस असलं काही बोलून दाखवत नाही. तो सायकल घेतो. अनिरुद्धने ग्रॅव्हल सायकल घेतली होती, म्हणजे जाड टायरांची, चांगला डांबरी रस्ता सोडून खडी-मुरमावरून जाण्यासाठी मुद्दाम बनवलेली. रस्ता खराब असावा म्हणून पैसे मोजणारे पुणेकर हा गेल्या काही वर्षांतलाच प्रकार. एरवी ती सोय महापालिका करते.

'रानवाट चारशे' ही अशाच लोकांची शर्यत. शनिवारी पहाटे पुण्यातून निघायचं, भोर, नीरा, दौंड अशा कच्च्या वाटांनी चारशे किलोमीटर फिरायचं आणि रविवारी सकाळी दहाच्या आत पुन्हा पुण्यात यायचं. कशासाठी, ते नियमावलीत नव्हतं. बाकी सगळं होतं. बाहेरची मदत घ्यायची नाही. चहा विकत घेतला तर चालेल, कुणी पाजला तर बाद. आणि नियम चौदावा: वाटेत झोपलेल्या स्पर्धकाला दुसऱ्याने उठवणं ही मदतच, उठवणारा आणि उठलेला, दोघेही बाद. झोपेबद्दल इतका आदर असलेली शर्यत पुण्यातच निघू शकते.

प्रत्येकाच्या पाठपिशवीला काडेपेटीएवढं यंत्र लावलेलं असे. त्यामुळे प्रत्येकजण नकाशावर एक ठिपका होऊन फिरत असे, आणि घरी बसलेले लोक ते ठिपके बघत शर्यतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्रीडातज्ज्ञ होत. तेजस्विनी, म्हणजे अनिरुद्धची बायको, निघताना म्हणाली होती, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तू कुठे आहेस ते मला कळणार. बघावंसं वाटलं तर बघीन."

पंचेचाळिशीवरच्या गटात गेली तीन वर्षं बापूराव झेंडे पहिले आणि अनिरुद्ध दुसरा. आधी बावीस मिनिटांनी, मग नऊ, मग चार. बापूराव सत्तावन्न वर्षांचे, सायकल जुनी, डोक्याला हेल्मेटखाली गमछा. मागच्या वर्षी शर्यत संपल्यावर त्यांनी अनिरुद्धच्या पाठीवर हात ठेवला होता.

"आगाशेसाहेब, तुमी रात्री दोननंतर ढिले पडता."

"माणूस झोपतो हो दोन वाजता."

"तिथंच तर हाय ना. आमचा दिवस दोनला उजाडतो. मालाच्या गाड्या येत्यात. तीस वर्सं झाली, दोनच्या पुढं डोळा लागला नाही कधी. घरची म्हणती, तुमाला सपनं तरी कवा पडत्यात?"

अनिरुद्ध हसला होता. घरी जाऊन त्याने वहीत लिहिलं होतं, 'दोननंतर कॉफी.' एवढाच बोध त्याने घेतला.

यंदा यवत सोडलं तेव्हा मध्यरात्र उलटली होती. पुढचा रस्ता कालव्याच्या कडेने होता: एका हाताला भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या हाताला खोल चर आणि बाभळी, मध्ये मुरमाची पट्टी. कालव्याला आवर्तन सुटलेलं, त्यामुळे पाण्याचा एकसारखा घोष कानात. गुडघा चाळीस किलोमीटरपासून बोलत होता. बापूरावांचा बावन्न नंबरचा ठिपका अठरा किलोमीटर पुढे होता आणि अंतर कमी होत नव्हतं.

एक वाजून दहा मिनिटांनी तो ठिपका थांबला.

अनिरुद्धला आधी वाटलं, पंक्चर. मग अर्धा तास गेला. ग्रुपवर शर्यतीचा आयोजक विक्रम याने लिहिलं, 'बावन्न नंबर पॉवर नॅप घेतोय. याला म्हणतात अनुभव.' त्याखाली अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांतली एक टाळी अनिरुद्धची होती.

उरुळी कांचनच्या पुढे, दोन चाळीसला, त्याचा ठिपका बापूरावांच्या ठिपक्यावर जाऊन बसला. तो थांबला. रस्त्यावर कुणी नव्हतं. सायकल दिसत नव्हती. दिव्याच्या झोतात बाभळी, मुरूम, एक फाटकी गोणी. म्हणजे गडी चराच्या पलीकडे कुठेतरी शेतात आडवा झाला असणार.

त्याला त्या क्षणी एकच भीती वाटली, की बापूराव जागे होतील.

त्याने दिवा बंद केला. सायकल ढकलली की मागच्या चाकातून कटकट आवाज येतो, म्हणून ती खांद्यावर घेतली. आणि स्वतःच्या सोसायटीत उशिरा आलेल्या माणसासारखा, पावलं चोरत, तो अंधारात दीडशे पावलं चालत गेला. मग दिवा लावला आणि सुटला. चौथ्या वर्षी पहिल्यांदा त्याच्या पुढे कुणी नव्हतं. गुडघासुद्धा गप्प झाला.

लोणी काळभोरच्या अलीकडे, बंद रसवंतीच्या मांडवात शेवटची चौकी होती. उत्कर्षा नावाची कॉलेजातली मुलगी वहीत वेळ मांडत होती आणि शेजारी एका टपरीवर चहा चालू होता.

"तीन बत्तीस. काका, तुम्ही तुमच्या एज ग्रुपमध्ये लीडिंग आहात. बावन्न नंबर अजून स्लीपिंग."

अनिरुद्धने चहा घेतला, नियमाप्रमाणे पैसे आधी दिले. टपरीपुढे कोथिंबिरीच्या जुड्यांनी भरलेला एक पिकअप उभा होता. त्याचा ड्रायव्हर उभ्याउभ्याच चहा ढोसत फोनवर कुणाची तरी समजूत घालत होता.

"येतो ना, बाबा. टायर गेलं व्हतं. आरं, मला काय कळत नाही का, दोनपासून बाजार जागा असतोय त्ये?"

अनिरुद्धच्या हातातला कप तोंडाशी थांबला.

दोनच्या पुढं डोळा लागला नाही कधी.

त्याने बापूरावांना फोन लावला. वाजला, वाजत राहिला. परत लावला. मग त्याने कोमट झालेला चहा पूर्ण प्यायला. हे त्याने पुढे कुणालाही सांगितलं नाही. त्या चहाच्या वेळात त्याने हिशेब केला होता: इथून पुणं दीड तास. मागे जायचं तर अकरा किलोमीटर, आणि परत अकरा. माणूस खरोखर झोपला असेल तर चौदावा नियम.

"उत्कर्षा, विक्रमला सांग, बावन्न नंबरला काहीतरी झालंय. गाडी पाठव म्हणावं."

"गाडी जेजुरीला आहे काका. एकच आहे."

"मग एकशेआठला फोन कर. कालव्याचा रस्ता सांग. मी जातो."

"पण काका, तुम्ही मागे गेलात तर..."

"हो," अनिरुद्ध म्हणाला, आणि आणखी काही सेकंद तिथेच उभा राहिला.

नकाशावर त्याचा सदतीस नंबरचा ठिपका उलटा चालू लागला. 'हा मागे का चाललाय?' कुणीतरी लिहिलं. 'रस्ता चुकला.' 'वय.' 'बायकोने डबा आणला असेल.' पहाटे चारला इतकी माणसं जागी होती आणि सगळी विनोदी होती.

त्या जागी तो पोचला तेव्हा चार वीस झाले होते. या वेळी त्याने हाका मारल्या. पाण्याच्या घोषात त्या त्याच्या त्यालाच धड ऐकू येईनात. मग तो बाभळींतून चरात उतरला. बापूराव तळाशी पडले होते, कंबर एका दगडावर आडवी, खाली घोटाभर गाळ. दिवा, फोन, सायकल यांतलं काही जवळ नव्हतं. डोळे उघडे होते.

"बापूराव."

ओठ हलले. शब्द आला नाही, नुसती हवा आली. अनिरुद्धने त्यांच्यावर जाकीट घातलं आणि दिवा त्यांच्या तोंडावर येणार नाही असा धरून बसला. रुग्णवाहिका साडेपाचला आली, कारण कालव्याचा रस्ता तिच्या नकाशात नव्हता.

चार बरगड्या आणि मणका. कमरेखाली काही कळत नव्हतं. "दोन-तीन तास आधी आणलं असतं तर कदाचित," डॉक्टर म्हणाले. तसं ते सगळ्यांनाच म्हणतात, असं अनिरुद्धने स्वतःला सांगितलं.

नियमाप्रमाणे दोघेही बाद झाले. पण ग्रुपवर अनिरुद्धचा उदोउदो झाला. विक्रमने 'खिलाडूवृत्ती चषक' जाहीर केला. सोसायटीने फलक लावला, त्यात फोटो दुसऱ्याच शर्यतीतला होता. फक्त तेजस्विनीने फोन पुढे करून विचारलं, "इथे दोन चाळीसला तुझा ठिपका चार मिनिटं चालतोय. सायकलवर नव्हतास?"

"चढ होता."

"कालव्याला चढ?" ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

नवव्या दिवशी तो भेटायला गेला. सोजरबाई, बापूरावांची बायको, त्याला बघून उठल्या, दोन्ही हात जोडले.

"तुमी मागं फिरलात म्हणून कुंकू ऱ्हायलं, भाऊ."

"अहो, तसं काही नाही."

"च्या आन जा त्यांला," बापूराव म्हणाले. आवाज आता परत आला होता, जुना नव्हता. सोजरबाई थर्मास घेऊन बाहेर गेल्या. बापूराव छताकडे बघत होते.

"वरडत व्हतो," ते म्हणाले. "वरडताच येईना. मग तुमचा उजेड दिसला. बाभळीवर आला, थांबला. म्हटलं, आगाशेसाहेब आले."

अनिरुद्ध कॉटशेजारच्या स्टुलावर बसला.

"मग उजेड गेला. म्हटलं, उतरत असत्याल. वाट बघितली. लाइट का मालवली?"

"मला वाटलं, झोपलात. तुमची झोपमोड नको म्हणून."

बापूरावांनी मान वळवली. तेवढीच वळत होती. त्यांनी अनिरुद्धकडे बराच वेळ पाहिलं, खराब निघालेल्या मालाकडे पाहावं तसं, राग न धरता.

"दोनच्या पुढं?" त्यांनी विचारलं.

सोजरबाई चहा घेऊन आल्या. अनिरुद्धने तो पूर्ण प्यायला.