आईची नजर

मोंपेलिए शहरातून आलेला वैद्य उंबरठ्याच्या आत आलाच नाही. नाकाशी व्हिनेगरचा बोळा धरून तो दारातूनच म्हणाला, "बाई, हा प्लेग नजरेतून येतो. मरणाऱ्याने ज्याच्याकडे पाहिलं, तो गेलाच म्हणून समजा. आधी म्हातारीचे डोळे बांधा."

अलाझैसने आईच्या डोळ्यांवर फडकं बांधलं.

"बांध हो, बांध!" काखेतल्या गाठीने कण्हत म्हातारी खेकसली. "तुझं शेंबडं नाक तीस वर्षं पाहिलंय मी. आता नाही पाहिलं तर काय अडतंय?"

"आई, वैद्यबुवा म्हणाले म्हणून..."

"त्या भित्र्या बोकडाचं मला सांगू नकोस. ती चर्चमधली मेणबत्ती दे माझ्या हातात. पेटवून दे."

तीन दिवस अलाझैसने आईला पाठीमागे बसून पेज भरवली. फडकं जरा सरकलं, की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. चौथ्या दिवशी सकाळी आई गार पडलेली होती.

मेलेल्या माणसाचे डोळे तर मिटायलाच हवेत. अलाझैसने श्वास रोखून फडकं वर सरकवलं. आईच्या दोन्ही पापण्या मेणाने लिंपलेल्या होत्या. मेणावर आईच्याच बोटांचे ठसे होते.

"आजी उठली का गं?" दारातून तिची चिमुरडी ब्रुना विचारत होती.

अलाझैस वळणार, तोच काखेत काहीतरी ठसठसलं. तिने चाचपून पाहिलं आणि ती तशीच पाठमोरी राहिली.

"आई, माझ्याकडे बघ ना!"

अलाझैसने आईच्या उशाशी विझलेली मेणबत्ती हातात घेतली आणि पुन्हा पेटवली.