आईला पाण्यापासून वाचवण्याचे प्रयत्न

आईचे उपकार सात जन्मांत फिटत नाहीत. ते याच जन्मी, शक्यतो दुपारच्या चहाआधी फेडून टाकायचे, असं दादा आणि ताईने रविवारी ठरवलं आणि सुरुवात म्हणून आईचा पोहण्याचा पोशाख कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली दादाच्या खिशात गेली.

आईने सत्तरी ओलांडलीय. तो निळा पोशाख तिने स्वतः दुकानात जाऊन, घालून बघून आणला होता. त्याच संध्याकाळी पोहण्याच्या तलावावर तिचा पहिला वर्ग होता.

"या वयात?" ताई म्हणाली. ताई हाडांची डॉक्टर. तिला माणसाआधी त्याचं फ्रॅक्चर दिसतं. "पाय घसरला म्हणजे?"

"पाण्यात कुठे घसरतो पाय?"

"काठावर घसरतो."

"म्हणून तर आत जातेय."

दादाने आवाज जड केला. हा आवाज तो एरवी ऑफिसातल्या निरोप समारंभांना वापरतो. "आई, तू आमच्यासाठी काय नाही केलंस! आता तुला काही झालं तर आम्ही तोंड कुठे लपवायचं?"

काय काय केलं, ते मलाही ठाऊक होतं. आम्ही तिघं पोहायला शिकत होतो, तेव्हा ही बाई रोज काठावरच्या बाकावर टॉवेल मांडीखाली घेऊन बसायची. बाहेर आलं की तो कोमट टॉवेल अंगाभोवती. त्या उबेची सर पुढे कुठल्याच हीटरला आली नाही. एकदा मी पालथा पडून तरंगायचा सराव करत होतो. पोरगं हलत नाही, एवढंच तिला दिसलं. अंगावरच्या कपड्यांनिशी, चपलांसकट तिने उडी घेतली. पाणी माझ्या कमरेइतकं. तरी ती बुडाली, कारण घाबरून तिने पाय टेकवलेच नाहीत. शिकवणाऱ्या सरांनी दोघांना ओढून काढलं: मला वाचवायला आलेली ती, आणि तिने गळा आवळल्यामुळे खरोखरच बुडू लागलेला मी.

"पोहता येत नसताना जी उडी घेते, तिला पोहायला शिकण्यापासून अडवणारे आपण कोण?" मी म्हणालो.

"तू लहान आहेस," दादा म्हणाला. मला चष्म्याशिवाय पेपर वाचता येत नाही.

"किल्ली दे," आई म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. हे वाक्यही तुझंच आहे."

"वाक्य माझं, तसं कपाटही माझं. मी खाऊला कुलूप लावायचे, तेव्हा काय करायचात रे तुम्ही?"

दादा-ताई छताकडे बघू लागले.

"बिजागऱ्यांचे स्क्रू काढायचो," मी म्हणालो.

"मग बसलायस काय? आण स्क्रूड्रायव्हर!"

फार वेळ लागला नाही, हाताला सवय होती. "अरे, पायावर पाडशील," करत शेवटी ताईनेच दार धरलं. आईने पोशाख घातला, वरून अंगभर झगा चढवला आणि उंबऱ्यात वळून म्हणाली, "मला पाण्याची भीती घालता? तुम्हा एकेकाला नऊ महिने पाण्यातच सांभाळलंय मी!"

वैद्यकशास्त्र पायात चपला सरकवू लागलं.

भर रस्त्यातून वरात निघाली. पुढे मान ताठ करून आई, मागे टॉवेल घेऊन मी, माझ्यामागे प्रथमोपचाराची पेटी घेऊन ताई, आणि सर्वांत शेवटी, आता कशालाच न लागणारी किल्ली मुठीत धरून दादा.

पाणी बदलण्यासाठी तलाव आठवडाभर बंद होता.