औषध कालवणारे हात

भादव्याची उमस होती. बोंडअळीनं त्या वर्षी सगळ्यांचीच झोप उडवली होती. ढाणकी गावाच्या पलीकडच्या त्या लहानशा सरकारी दवाखान्यात रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. त्या रांगेत विमलताई दिसल्या आणि निशिगंधा सिस्टरच्या कपाळावर आठी पडली. याच मोसमात ही बाई दोनदा येऊन गेलेली. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते. दोन्ही वेळा पित्ताच्या गोळ्या घेऊन घरी.

पण आज काही बरं नव्हतं. विमलताईंच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. डोळ्याची पापणी आपोआप फडफडत होती. निशिगंधानं त्यांना भिंतीशी बसवलं आणि बॅटरीचा उजेड डोळ्यांत टाकला. बुबुळातलं काळं टिपूस मोहरीएवढं बारीक झालेलं.

"फवारणी केली का, ताई?"

"मी कायले फवारू? आमचे हे फवारतात."

शेजारी उभा असलेला नवरा, मारोतराव, म्हणाला, "बायामाणसं पंप नाही घेत, सिस्टर. तिले पित्तच हाय. सकाळपासून उपाशी होती."

निशिगंधाला चीड आली. या प्रश्नाला आठवडाभर प्रत्येक बाईकडून हेच उत्तर मिळत होतं. ती यवतमाळची, कचेरीत नोकरी करणाऱ्या घरातली. कपाशीची पऱ्हाटी तिनं एस.टी.च्या खिडकीतूनच पाहिलेली. पण डोळे खोटं बोलत नाहीत, एवढं ती शिकली होती. तिनं प्रश्न बदलला.

"बरं, आज उठल्यापासून काय काय केलं ते सांगा. सगळं."

"काय सांगू बाप्पा... चूल पेटवली. भाकरी टाकल्या. मंग वावरात गेलो. विहिरीचं पाणी ड्रमात भरलं. औषध कालवून देल्लं..."

"कशानं कालवलं?"

विमलताईंनी उजवा हात नुसता वर केला. कोपरापर्यंत बुडवला होता.

निशिगंधा धावतच डॉक्टर साकेतांकडे गेली. ते तपासत होते त्या माणसाला तसाच सोडून आले, डोळे पाहिले, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले, "बरोबर, फवारणीच्या औषधाची विषबाधा. लुगडं बदला, साबणानं अंघोळ घाला. मी इंजेक्शन सुरू करतो." त्यांनी आधीचा केसपेपर पाहिला, त्यावर त्यांचीच सही होती. त्या दिवशी प्रत्येक मळमळणाऱ्या बाईचे डोळे त्यांनी स्वतः पाहिले.

विमलताई तिसऱ्या दिवशी उठून बसल्या. निशिगंधा खाटेशी स्टूल ओढून बसली आणि समजवायला लागली. हातानं कालवायचं नाही. काठी घ्यायची. हातमोजे घालायचे. पदरानं तोंड पुसायचं नाही. फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे.

"हो जी," विमलताई म्हणाल्या. "हो जी. हो जी."

"मी काय सांगितलं?"

"हात धुवाचे."

निशिगंधाचं डोकंच फिरलं. एवढा घसा कोरडा केला, आणि हातात काय आलं? भिंतीवर मास्क, चष्मा, बूट घातलेल्या पंपवाल्या माणसाचं रंगीत चित्र चार महिने लटकत होतं. त्यात बाई कुठं होती? ती तरातरा धोब्याच्या खोलीत गेली. चादरींना घालायची नीळ आणि अर्धी बादली पाणी घेऊन आली.

"कालवा. घरी कालवता तशी."

विमलताई लाजल्या, पण कालवू लागल्या. वॉर्डात पंखा बंद होता. कालवता कालवता त्यांनी कपाळ पुसलं, पदर सावरला, नाकाशी आलेली माशी उडवली. निशिगंधानं त्यांच्यापुढं आरसा धरला. कपाळ निळं, नाकाचा शेंडा निळा, ओठावर निळी रेघ. बाजूच्या खाटेवरची मोतीबाई खो-खो हसली. विमलताई हसल्या नाहीत.

"मी त याच हातानं पोरीले घास भरवतो," त्या हळूच म्हणाल्या.

हे कुठंतरी पोचलं, असं निशिगंधाला वाटलं. सुटी देताना मात्र मारोतरावांशी तिचं वाजलंच. तिनं त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, तर ते घड्याळाकडं पाहत होते.

"सिस्टर, आभाळ भरून राह्यलं. अळी थांबते का आपल्यासाठी? मजूर भेटत नाही. ही नाही कालवणार त कोण कालवणार?"

"मग तुम्हीच कालवा ना! बायको मेली तर चालेल का?"

मारोतरावांचा चेहरा पडला. त्यांनी बायकोची पिशवी उचलली आणि मागे न बघता गेटबाहेर पडले. आपण जास्तच बोललो, हे निशिगंधाला कळलं. आता हा माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढायचा नाही, या विचारानं तिला दिवसभर जेवण गेलं नाही.

तो आला. पंधरवड्यानंतर, चौघांच्या हातांवर. तोंडाला फेस, अंगावरचा सदरा घामानं चिंब, दंडाचे स्नायू कातडीखाली नाचत होते. मागून विमलताई, रडून रडून डोळे सुजलेले.

"तुम्हीच त म्हटलं होतं, बाई," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून मले ड्रमाजवळ येऊ नाही देल्लं. स्वतःच कालवत होते."

"कशानं?"

"हातानं."

निशिगंधाला राग यावा तर कुणाचा? त्यानं तिचं ऐकलं होतं, अक्षरशः ऐकलं होतं. नीळ तिनं बायकोकडून कालवून घेतली, नवऱ्याच्या वाट्याला फक्त टोमणा आला. तिनं कात्री घेतली आणि भिजलेला सदरा कापायला लागली.

मारोतराव वाचले. नळ्या निघाल्या त्या दुपारी ते उशीला टेकून बसले होते. निशिगंधा आली, ती या वेळी काही सांगायला नाही.

"भाऊ, एक विचारते. काठी घरात होती, विमलताईंनी तोडून ठेवली होती म्हणतात. मग हात काहून घातला?"

त्यांनी तिच्याकडं आश्चर्यानं पाहिलं. बहुधा हे कुणी विचारलंच नव्हतं.

"पावडर हाय ना जी ते. गुठळ्या राह्यतात. काडीनं नाही फुटत. बोटानं चुरा लागते, नाही त पंपाचं नोझल चोंदते."

"आणि चोंदलं तर?"

"त काय, काढाचं अन् फुकून मोकळं कराचं."

"फुकून? तोंडानं?"

"मंग कायनं?" मारोतराव म्हणाले. "सारेच करतात."

बाहेर रांगेतून कुणीतरी सिस्टर, सिस्टर म्हणून ओरडत होतं. इतके दिवस ती हात, हात करत होती, आणि विष तोंडानंही जात होतं. निशिगंधानं कपाळावर हात मारला, स्टूल ओढलं आणि बसली.

"ते नोझल घरून मागवा, मला बघायचंय," ती विमलताईंना म्हणाली. "धुऊन, पिशवीत घालून. आणि भाऊ, तुम्ही मला पहिल्यापासून सांगा. डब्याचं झाकण उघडता तिथपासून. मी मधे बोलणार नाही."