किनारीतलं शिसं

किनारीत शिशाचे चपटे तुकडे शिवले की पडदा सरळ पडतो, वाऱ्याला दाद देत नाही. दोघी बहिणींचं दुकान पडद्यांचंच, त्यामुळे असे तुकडे बरणीभर पडलेले. धाकटीला अवदसा आठवली ती त्या बरणीकडे बघूनच.

तिच्या स्तनातली गाठ काढून झाली होती आणि केमो चालू होती. पहिल्या केमोनंतर सात दिवस ती बादलीला मिठी मारून बसली. मग डॉक्टरांनी तिला आपल्या एका अभ्यासात घेतलं. केमोच्या आधी दोन दिवस आणि नंतर एक दिवस नुसतं पातळ सूप. गुण येईलच असं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि वजन पन्नासच्या खाली गेलं की उपास बंद, हेही. धाकटीला गुण आला, निदान तिला तरी तसं वाटलं. तिसऱ्या दिवशी बाई मशीनवर हजर!

"ताई, या दुखण्यात बाकी सगळं दुसरेच ठरवतात," ती म्हणायची. "उपास तेवढा माझा आहे."

वजन उतरायला लागलं तशी ती आपला घेरदार गाऊन घेऊन आली. "घेरात शीव. दोन किलो पुरे."

थोरलीला नाही म्हणवेना. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय खोटं? तिने चाळीस तुकडे शिवले, तेही इतक्या सफाईने की हाताला लागू नयेत. कपडे आत घ्यायला टेप लावायची तेव्हाही म्हणायची, "होतीस तेवढीच आहेस गं." आपण बहिणीला जपतोय असंच त्या वेडीला वाटत होतं.

चौथ्या केमोला काटा बरोबर पन्नासवर थांबला. नर्सने आकडा लिहून घेतला.

"दर वेळी कशाला हो लिहिता?" थोरलीने सहज विचारलं.

"उंची आणि वजनावरूनच तर औषधाचं माप काढतात. जास्त झालं तर बाधेल ना."

थोरलीने गाऊनच्या घेराकडे पाहिलं. "थांबा जरा," ती म्हणाली.

"ताई, गप्प बस!"

पण थोरली पिशवीतली कात्री काढून गुडघ्यांवर बसलीसुद्धा. तिने घेर उसवला. तुकडे फरशीवर पडत राहिले आणि नर्स बघतच राहिली. नवं वजन भरलं अठ्ठेचाळीस.

डॉक्टर कोणावर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी माप नव्याने काढलं, उपास बंद केला आणि काय काय खायचं त्याचा कागद हातात दिला.

"माझं म्हणून एकच होतं," घरी आल्यावर धाकटी म्हणाली, "तेही काढून घेतलंस." पुढचे पाच दिवस ती बादलीवर ओणवी होती. थोरली बादली धरून बसली, मुकाट बोलणी खात. गप्प बसले असते तर, असं तिच्या मनात यायचं, आणि आल्याआल्या ती हादरायची.

सहाव्या दिवशी धाकटी भिंत धरत धरत दुकानात आली आणि हात वर करून उभी राहिली. "टेप लाव. या वेळी खरं सांग."

थोरलीने टेप लावली. बोटांना फासळ्या लागल्या. "दोन इंच कमी," ती म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

"माहीत होतं मला," धाकटी म्हणाली. "तू खोटं सांगायचीस ना, तेव्हा मला फार भीती वाटायची."

थोरलीने टेप गळ्यात टाकली, डोळे पुसले आणि ती दुधात पाव कुस्करायला गेली.