ओळंबा स्थिर होईपर्यंत

मित्रांनो, दोरीला लोंबकळत राहणे हा काही मिरवण्यासारखा धंदा नव्हे, पण माझा जन्मच त्यासाठी झाला. मी एक जुना पितळी ओळंबा आहे. अंगाने मुळ्यासारखा, वर जाड आणि खाली निमुळता. डोक्यातून सुती दोरी ओवलेली आणि त्या दोरीवर माझ्याच जाडीची एक लाकडी चकती. गवंडी ती चकती भिंतीच्या वरच्या कडेला टेकवतो आणि मला खाली सोडतो. मी भिंतीला जेमतेम शिवून उभा राहिलो तर भिंत सरळ. मध्ये अंतर पडले किंवा मी भिंतीवर रेललो, तर भिंत वाकडी. यात मी कोणाची भीड ठेवत नाही. सरळपणाचा मला जरा गर्वच आहे, तो आधीच कबूल केलेला बरा.

एका लेथवाल्याने मला पितळेच्या कांबीतून कातून काढले. माणूस कामाला कडक होता. तयार झाल्यावर त्याने मला दोरीला टांगून गरागरा फिरवले, टोक किंचित थरथरताना दिसले तसे पुन्हा यंत्रावर चढवले. "टोक मधोमध आलं नाही तर हा जन्मभर खोटं बोलेल," असे तो शेजारच्या कारागिराला म्हणाला. माझ्या कानावर पडलेले हे पहिले वाक्य, आणि ते मी कधी विसरलो नाही.

तिथून मला थोरल्या मिस्त्रींनी नेले. तीस वर्षे मी त्यांच्या पिशवीत थापीच्या शेजारी राहिलो. शाळेचे वर्ग, पाण्याच्या टाक्या, जिने, किती भिंती आम्ही उभ्या केल्या त्याची गणती नाही. मिस्त्री बोलत कमी. परांचीवर माणसे एकमेकांवर खेकसत असली तरी यांचा आवाज चढत नसे. "मिस्त्रींच्या डोक्यावर बर्फाची लादी आहे," असे लोक म्हणत. मला उंचावरून सोडायचे असले की मिस्त्री खाली पाण्याची बादली ठेवत आणि मी त्यात बुडेन एवढे मला सोडत. पाण्यात झोका लवकर मरतो. मग ते बादलीशेजारी विटेवर बसत आणि मी पुरता थांबेपर्यंत थांबत. कधीकधी मी थांबलो तरी ते आणखी थोडा वेळ बसून राहत. मला वाटे, काय हा माझा मान!

पुढे मिस्त्रींचे हात कापू लागले. चहाची कपबशी वाजायला लागली, तशी त्यांनी थापी खाली ठेवली. मी दोन वर्षे एका गोणपाटात गुंडाळून पडलो. उंदरांनी दोरी कुरतडली, अंगावर हिरवे डाग चढले. ज्याने एवढ्या भिंतींना सरळ उभे केले, तो स्वतः कोपऱ्यात आडवा! फार वाईट वाटले मित्रांनो.

मला तिथून बाहेर काढले ते मिस्त्रींच्या मुलीने. लहानपणापासून बापाच्या मागे विटा मोजत फिरलेली ही मुलगी आता स्वतः गवंडीकाम करत होती. तिने मला लिंबाच्या फोडीने आणि राखेने घासले, नवी दोरी ओवली आणि उन्हात धरून म्हणाली, "हं, आता दिसतोस बाबांचा!"

कामावर तिला सगळे भिंगरी म्हणत. नाव अगदी साजेसे होते. हात असे की बघत राहावे. विटेवर वीट बसवताना मसाला इकडचा तिकडे होत नसे, सांधे सगळे एका जाडीचे. तीस वर्षे मिस्त्रींचे काम पाहिलेला मी सांगतो, पोरगी बापाच्या एक पाऊल पुढेच होती. पण डोके! ते एका जागी बसतच नसे. एका विचाराला दहा पिल्ले होत. मसाल्यात पाणी जास्त झाले का? झाले असेल तर सांधा कच्चा राहील. कच्चा राहिला तर भिंत फुगेल. फुगली तर कोणाच्या अंगावर येईल? बाबांनी गोळी घेतली असेल का? काल मुकादम हसला तो कशाला? जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसत, तेव्हा ही उठून सकाळची भिंत पुन्हा एकदा तपासून येई. मग आणखी एकदा. घास हातातच राही.

अशात तिला मोठे काम मिळाले. चार मजली दवाखान्यात लिफ्ट बसायची होती. त्यासाठी तळापासून गच्चीपर्यंत विहिरीसारखा चौकोनी शाफ्ट बांधायचा होता. चालता न येणारे रोगी त्यातून वर जाणार. लिफ्टचे रूळ अगदी ओळंब्यात बसावे लागतात, त्यामुळे इथे बोटभर वाकडेपणाही चालत नाही. मुकादमाने हे काम भिंगरीला दिले, तेव्हा बाकीच्या गवंड्यांच्या भुवया वर गेल्या. ते तिने पाहिले आणि डोक्यातली चक्रे दुप्पट वेगाने फिरू लागली.

तिसऱ्या मजल्यावर घोटाळा झाला. दुपारी वारा सुटला होता. शाफ्टमधून तो खालून वर असा काही चढतो की मी दोरीसकट भेलकांडत होतो. मी थांबेपर्यंत तिला दम धरवेना. तिने मला हाताने धरून थांबवले, सोडले, तसा मी पुन्हा हललो. पुन्हा धरले, पुन्हा सोडले. प्रत्येक वेळी तिच्या हाताचाच धक्का मला बसत होता. शेवटी मी भिंतीपासून लांब गेलेल्या क्षणी तिने पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "दोन बोटं! दोन बोटं बाहेर गेली!" कोणाला हाक नाही, विचारणे नाही. ओल्या भिंतीचे सात थर तिने स्वतःच्या हाताने उतरवले.

मित्रांनो, ती भिंत सरळ होती. आणि मला ओरडता येत नाही.

मुकादम धावत वर आला. उरलेल्या थरांना त्याने वारा पडल्यावर मला लावून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, ओळंब्यात होती की भिंत! चांगली भिंत पाडलीस?"

"मला वाटलं..."

"वाटलं म्हणजे? भिंत वाटण्यावर बांधतात होय? हे बघ, तू गुणाची आहेस, पण आठवड्याने लिफ्टवाले येणार आहेत. पुन्हा असं काही झालं तर मी दुसरा गवंडी लावेन. मग मला बोल लावायचा नाही."

त्या संध्याकाळी घरी येऊन तिने पिशवी बापासमोर ठेवली. पाय धुतले नाहीत, पाणी प्यायली नाही, नुसती बोलत सुटली. मुकादम काय म्हणाला, बाकीचे कसे हसले असतील, आपले काम गेले तर काय, आपल्या हातून खरेच एखादी भिंत पडली तर काय. शेवटी म्हणाली, "बाबा, हात माझं ऐकतात, डोकं ऐकत नाही. बंदच होत नाही ते. मला नाही जमायचं हे काम. तुमचा ओळंबा ठेवून घ्या."

मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "बरं, ठेवतो. आधी त्याला दारात टांग."

तिने मला चौकटीला टांगले. मिस्त्रींनी कापत्या बोटाने मला एक टिचकी दिली. "आता थांबव त्याला."

तिने धरले, सोडले. मी डुललो. पुन्हा धरले. पाचव्या वेळी तिलाच हसू फुटले.

"बादली आण," मिस्त्री म्हणाले. तिने माझ्याखाली पाण्याची बादली ठेवली, मला पाण्यात सोडले. "आता हात मांडीवर. बघत बस नुसती."

"आणि डोक्यात येतंय त्याचं काय करू?"

"येऊ दे की. आलं की बोल, 'हा आला मुकादम. ही आली पडकी भिंत.' पण त्याच्याशी भांडू नकोस आणि त्याच्या मागे पळू नकोस. तुझा श्वास बाहेर सोड, सावकाश. विचार येतो तसा जातोही."

ती बसली. "हा आला मुकादम... ही आली भिंत... परत मुकादम." खांदे कानाला लागले होते, ते हळूहळू खाली आले. मी पाण्यात थांबलो होतो, तरी तिने हात पुढे केला नाही.

"तुम्हाला कधी असं झालंच नाही, बाबा. तुमचं डोकं मुळात शांत."

यावर मिस्त्री जे बोलले ते ऐकून मीच चाट पडलो. "शांत? अगं, रोज परांची चढताना माझ्या डोक्यात बाजार भरलेला असायचा. ओळंबा थांबला तरी मी का बसून राहायचो? तो थांबायचा, मी थांबलेलो नसायचो. लोकांना काय, बाहेरून बर्फ दिसतो."

तीस वर्षे मी त्या माणसाच्या हातात होतो, आणि मला वाटत होते की तो माझ्यासाठी थांबतो! माझा गर्व त्या बादलीत पुरता विरघळला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पिशवीत होतो. एका दिवसात सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही, लेथवाल्याला काय तोंड दाखवू? तिसऱ्या दिवशी ती बादलीशेजारी बसली आणि दोन श्वासांत उठून पळालीही. पण परत आली. थर संपला की बादली, हात मांडीवर, सावकाश श्वास. एक थर एकदाच तपासायचा, असे तिने ठरवले. दुसऱ्यांदा जावेसे वाटले की ती ओठातल्या ओठात म्हणे, "हा आला परत," आणि पुढची वीट उचले. हे पाहताना मला तिचे फार कौतुक वाटे. जड घमेले उचलणारे पुष्कळ पाहिले, पण उठलेले पाऊल मागे घ्यायला किती बळ लागते ते मी तिच्यात पाहिले.

लिफ्टवाले आले तो दिवस. त्यांचा फिटर, मुकादम, इंजिनीअरबाई, शिवाय गंमत बघायला दोन गवंडी. भिंगरीने मला गच्चीवरून थेट तळापर्यंत सोडले आणि ती खाली आली. एवढ्या लांब दोरीवर मी मोठमोठे झोके घेत होतो. खाली बादलीत बुडलो तरी हलत होतो.

"झालं का, ताई? आम्हाला अजून एक ठिकाण करायचंय," फिटर म्हणाला.

"तो थांबला की सांगते."

"सरळच दिसतंय," मुकादम घाईने म्हणाला.

"दिसू दे. थांबा जरा." आणि ती बादलीशेजारी विटेवर बसली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिच्या गळ्याची शीर उडताना मला बादलीतून दिसत होती, म्हणजे आत बाजार भरलाच होता. पण हात मांडीवरच होते.

मी थांबलो. तिने उठून मजल्यामजल्यावर माप घेतले. तळ बरोबर, पहिला बरोबर, दुसरा बरोबर. तिसऱ्या मजल्यावर, पाडून पुन्हा बांधलेल्या त्याच भिंतीच्या कोपऱ्यात ती थबकली. तिने पट्टी लावली, पुन्हा वाचली. मी खोटे बोलत नाही मित्रांनो. त्या दिवशी बोलता आले असते तर कदाचित बोललोही असतो.

"एक बोट बाहेर आहे," ती मोठ्याने म्हणाली. "हा कोपरा. चूक माझी. वरच्या तुळईखालचे चार थर काढावे लागतील, खालचे ठीक आहेत. उद्या दुपारपर्यंत करून देते."

ज्या गोष्टीच्या भीतीने तिने महिनोन्महिने घास गिळला नव्हता, ती समोर उभी होती आणि त्या गोष्टीला माप होते. एक बोट. चार थर. एक सकाळ. भीतीला असे माप कधीच नव्हते.

मुकादमाने स्वतः पट्टी लावून खात्री केली, मग फिटरकडे वळला. "उद्या दुपारी या. काम हिच्याकडेच आहे, तेव्हा दुपार म्हणजे दुपारच."

मित्रांनो, मला वापरून झाल्यावर कोरडे पुसा, तेलाचे बोट फिरवा आणि दोरी झिजली की बदला. माझी एवढीच मागणी आहे. आणि तुमच्या आत कधी फार झोके बसू लागले तर त्यांना पकडायला धावू नका. जवळच्या कोणाला तरी सांगा, त्याला शेजारी बसवा, आणि हात मांडीवर ठेवून जरा थांबा. दुसऱ्या दिवशी भिंगरीने चार थर काढले, पुन्हा बांधले आणि एकदाच तपासले. मग सगळ्यांबरोबर डबा उघडून बसली आणि पोटभर जेवली.