मंडईत दाखवलेलं कडं

भाताच्या गंजावरचं झाकण खडखडलं. वकीलबाईंनी मोबाईलवरचा व्हिडिओ नुकताच बंद केला होता. सुशिलाबाई गॅस बारीक करायला आत गेल्या. त्यांची सून दुर्गेश्वरी मात्र लेकीला, गुंजनला, मांडीवर घेऊन त्या काळ्या पडद्याकडेच बघत राहिली. आत्ता तर त्यात तिचा नवरा भुपेंद्र हसत होता.

"हाच व्हिडिओ कंपनीनं हायकोर्टात दिलाय," रेणू वकील म्हणाल्या. "पेटंटचा अर्ज करायच्या आधीच वस्तू जगाला दाखवली असेल, तर ती नवीन राहत नाही. मग पेटंट रद्द होतं."

"जग कोठी आलं त्यात? आपली मंडईच तं होती!" सुशिलाबाई आतूनच बोलल्या.

भुपेंद्रचं गोंदियात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. गाव चोरखमाऱ्याच्या कालव्यालगत, नेटवर्क आलं तर आलं. म्हणून त्यानं पैसे देण्यासाठी हातातलं कडं घडवलं. दुकानदाराच्या डबीला नुसतं टेकवायचं, नेटवर्क नसलं तरी व्यवहार अडत नसे. पेटंटही मिळालं. पुढे एका मोठ्या कंपनीच्या घड्याळात नेमकी तीच युक्ती दिसली आणि त्यानं दावा लावला. दावा उभा राहतो न राहतो तोच मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. आता साक्ष दुर्गेश्वरीची होती.

दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत नवी वस्तू आधी गावापुढे ठेवायची, ही या घरची रीत. सासऱ्यांनी, केशोरावांनी, धानाची मळणी मशीन आणली तीही हार घालून आधी मंडईतच उभी केली होती. भुपेंद्रला वेगळं काही सुचलंच नाही; अर्ज करायच्या आधीच त्यानं कडं तिथे मांडलं. व्हिडिओत चैतराम जिलेबीवाला ओरडतो, "अबे, जादू करून रायला का? आतनं दाखव!" आणि हा वेडा खरंच कडं उघडून एकेक तार समजावत बसतो.

"ताई, खोटं बोला असं मी म्हणणार नाही," रेणू वकील हळूच म्हणाल्या. "पण त्या दिवशी ते खरंच चाललं होतं, की नुसता देखावा होता? आठवून पाहा. चाललं नसेल, तर खरी वस्तू तेव्हा दाखवलीच नव्हती असं भांडायला आपल्याला जागा आहे."

केशोरावांनी खाली मान घातली. "सांगून टाक ना बेटा, नव्हतं चाललं म्हणून. पोरीसाठी त्याचं काहीतरी राहील."

नागपूरला साक्षीच्या खोलीत कंपनीच्या वकिलांनी पुन्हा तोच व्हिडिओ लावला आणि मधेच थांबवला. भुपेंद्रचा हात हवेत अडकून राहिला, मनगटात कडं. चित्र जरा हललेलं होतं. डबी वाजली तेव्हा फोन धरून व्हिडिओ काढणारी दुर्गेश्वरीच नाचली होती.

"मॅडम, हे कडं त्या दिवशी काम करत होतं?" ते अदबीनं म्हणाले.

'नव्हतं' हा शब्द अगदी ओठांवर आला. तेवढं बोललं की झालं. पण मग तो हात कोर्टाच्या कागदात कायमचा लबाडाचा हात होऊन बसला असता. लोकांना फसवून हसणारा भुपेंद्र तिला डोळ्यांपुढे आणता येईना.

"चाललं होतं," ती म्हणाली. "दर वेळी चाललं. चैतरामकाकांनी तं पोरांची रांग लावली होती."

रेणू वकिलांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

पेटंट रद्द झाल्याचा निकाल आला त्या दुपारी केशोराव जेवले नाहीत. "मेलेल्या पोराची इज्जत राखली तू," एवढं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते कौतुक होतं की बोल लावणं, तिला कळलं नाही. सुशिलाबाई पदरात तोंड घालून रडल्या. आता ती युक्ती कोणीही वापरावी, भुपेंद्रचा तिच्यावर हक्क उरला नव्हता.

दुर्गेश्वरी अंगणात गुंजनची वेणी घालायला बसली. पोरगी सगळं ऐकत होती. वेणी अर्धी झाल्यावर तिनं मान वळवली.

"मम्मी, तू तं खरं बोलली ना?"

"हो गं."

"मंग ते कडं पप्पाचं काऊन नाही रायलं?"